भाऊ तं ठीक, पण संग कोन हाय?

अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडं हिवरखेड आहे. (मोर्शी तालुक्यात, संत्र्याच्या पट्ट्यात, आणखी एक हिवरखेड आहे, म्हणून वऱ्हाडात गावाच्या नावामागं तालुका सांगावाच लागतो.) वर्षानुवर्षं ही ग्रामपंचायत होती. आता नगरपरिषद झाली आणि २०२५ मध्ये तिच्या पहिल्या निवडणुकीचा धुरळा उडाला. तिथल्या मतदाराला एक गोष्ट मात्र जुनीच आहे: उमेदवार एकटा कधी येतच नाही. आधी सरपंचासोबत वॉर्डातले मेंबर यायचे, आता नगराध्यक्षासोबत प्रभागातले नगरसेवक येतात. बॅनरवर मधे मोठा फोटो, आजूबाजूला लहान.

ज्याचं मत ठरलेलं आहे, तो मोठा फोटो पाहतो आणि पुढं जातो. तळ्यात-मळ्यात असलेला माणूस लहान फोटोंपाशी थांबतो आणि विचारतो, "भाऊ तं ठीक, पण संग कोन हाय?" माझ्या मते आपल्या राजकारणातला सगळ्यात शहाणा प्रश्न हाच आहे.

अमेरिकेत एक मत, दोन माणसं

अमेरिकेत सुरुवातीला जोडी नव्हतीच. ज्याला जास्त मतं तो अध्यक्ष, दुसऱ्या क्रमांकाचा उपाध्यक्ष. त्यामुळं १७९६ मध्ये जॉन अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले आणि त्यांच्याविरुद्ध लढलेले थॉमस जेफरसन त्यांचेच उपाध्यक्ष! हा घोळ १८०४ च्या घटनादुरुस्तीनं मिटला. तिथं आज मतदाराला दोघांना मिळून एकच मत द्यावं लागतं. अध्यक्ष आवडला पण जोडीदार नाही, तर सोय नाही.

जोडीदारानं बाजी मारून दिल्याचं ठरलेलं उदाहरण १९६० चं. मॅसॅच्युसेट्सचे कॅथलिक केनेडी, सोबत टेक्सासचे लिंडन जॉन्सन. टेक्सास त्यांनी सुमारे ४६ हजार मतांनी जिंकलं. पण उलटे दाखलेही भरपूर आहेत. १९८४ मध्ये जेराल्डिन फेरारो या मोठ्या पक्षाच्या पहिल्या महिला उपाध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्या, गाजल्याही खूप. तरी त्यांची जोडी ५० पैकी ४९ राज्यांत हरली. १९८८ मध्ये डॅन क्वेल यांची देशभर टर उडाली, आणि त्यांना सोबत घेणारे थोरले बुश ४० राज्यं जिंकून गेले.

मग जोडीदारानं फरक पडतो की नाही? क्रिस्टोफर डिव्हाइन आणि काइल कोप्को या दोन अभ्यासकांनी यावर पुस्तकंच लिहिली. त्यांचं म्हणणं असं, की जोडीदार स्वतःच्या राज्यातली मतं ओढून आणतो हा समज बराचसा फुगवलेला आहे. मतदार जोडीदाराकडं पाहून मुख्य उमेदवाराची पारख करतो. यानं कुणाला निवडलं, यावरून याची अक्कल आणि नियत कळते. पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला हे पुस्तक न वाचता ठाऊक असतं.

अमेरिकेबाहेरही हेच दिसतं. इंडोनेशियात २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांच्या धार्मिकतेवर विरोधक शंका घेत होते. त्यांनी जोडीला घेतले ७६ वर्षांचे मौलाना, मारूफ अमीन. शंकेला परस्पर उत्तर मिळालं आणि निवडणूकही जिंकली.

आपल्याकडं बटणं वेगळी

महाराष्ट्राची गंमत अशी, की इथं जोडी असते पण मतं सुटी असतात. अकोला महापालिकेत २० प्रभाग आणि ८० नगरसेवक, म्हणजे एका प्रभागात चार. अमरावतीत ८७. चार जागांना अ, ब, क, ड अशी नावं आणि मतपत्रिकांचे रंगही निराळे: पांढरा, फिका गुलाबी, फिका पिवळा, फिका निळा. मतदार एका जागेला एक पक्ष, दुसरीला दुसरा असं करू शकतो. पुढारी म्हणतात "पॅनल टू पॅनल मारा". काठावरचा मतदार मान हलवतो, आत जातो आणि आपल्या मनाप्रमाणं निवडून निवडून दाबतो. सगळ्या जागांची बटणं दाबून झाल्याशिवाय यंत्राची लांब शिट्टी वाजत नाही. एखाद्या जागेचं कुणीच पसंत नसेल तर त्या जागेपुरता 'नोटा' आहे. राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये तर ठरवून टाकलं, की स्थानिक निवडणुकीत नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची.

म्हणून जोडीदारावरचा राग-लोभ अमेरिकेत अंदाजानं शोधावा लागतो, तो आपल्याकडं निकालाच्या कागदावर आकड्यात दिसतो. थेट सरपंच २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये गेला, २०२२ मध्ये परत आला. तेव्हापासून गावोगाव एक दृश्य नित्याचं झालं: सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्या पॅनलचं. लोकांनी भाऊला हो म्हटलं आणि त्याच्या संगतीला नाही.

जोडीदार कसा शोधतात

निवडणूक लागली की पॅनलप्रमुखाच्या ओसरीवर मतदारयादी उघडते. पानांवर पेनानं खुणा होतात: ही घरं आपली, ही त्यांची, आणि ज्या घरांपुढं प्रश्नचिन्ह आहे ती खरी. सगळा शोध त्या प्रश्नचिन्हांसाठी असतो. कोणत्या गल्लीतला माणूस घेतला तर ती घरं हलतील? कुणबी झाले, माळी झाले, बारी समाजाचं कुणी आहे का? धनगर, कोळी, बौद्ध, मुस्लिम, कोणता मोहल्ला रिकामा राहिला? भावकी किती मोठी? आणि मुख्य म्हणजे भावकीत धुसफूस आहे का, कारण एक चुलता फुटला तर पंचवीस मतं जातात.

त्यात कायद्याची चाळणी. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेला माणूस बाद. घरी शौचालय हवं. १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेला असेल तर सातवी पास हवा. राखीव जागा असेल तर जात पडताळणी. या सगळ्यातून गाळून उरलेला माणूस पॅनलला हवा तसा निघेलच असं नाही. कित्येकदा पहिल्या पसंतीचा जोडीदार कागदपत्रांतच अडकतो आणि दुसऱ्याचं नशीब उघडतं.

महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या. त्यामुळं जोडीतली एक बाजू बहुधा बाईची. तिथं मतदार काय पाहतो? बॅनरवर 'सौ.' लिहून खाली नवऱ्याचं नाव ठसठशीत छापलेलं असतं, पण बायाबायांत चर्चा निराळी चालते. बचत गटाचा हिशेब हिनं नीट ठेवला होता का? नळाला पाणी नव्हतं तेव्हा ही बोलली होती का? दवाखान्यात कुणासोबत रात्रभर बसली होती का? अशी बाई पॅनलात असेल तर कधीकधी तीच पॅनल ओढून नेते आणि मोठा फोटो तिच्या मागं निघून जातो. मला याचा मनापासून आनंद होतो. नवऱ्याचं नाव बॅनरवर कितीही मोठं असो, बटण तिच्या नावासमोरचं दाबलं जातं.

माहेरची मतं, सासरची मतं

बाई उमेदवाराकडं दोन गावं असतात, पुरुषाकडं एकच. याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमरावतीचंच. प्रतिभाताई पाटील यांचं माहेर जळगावचं. तिथून १९६२ मध्ये त्या आमदार झाल्या, मग एदलाबादमधून लागोपाठ निवडून येत राहिल्या. सासर अमरावतीचं शेखावत घराणं. १९९१ मध्ये त्या अमरावतीच्या खासदार झाल्या. २००७ च्या राष्ट्रपती निवडणुकीत समोर होते भैरोसिंह शेखावत. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचं आणि सासरचं आडनाव एक, आणि दोन्ही घराण्यांची मुळं राजस्थानात! शिवसेना तेव्हा भाजपच्या आघाडीत होती. पण मराठी बाई राष्ट्रपती होते म्हटल्यावर तिनं आघाडी बाजूला ठेवून प्रतिभाताईंना मतं दिली.

अकोला पॅटर्न

आता खरं वऱ्हाडी संशोधन. प्रकाश आंबेडकर अकोल्यात आले तेव्हा गणित उघड होतं: नुसत्या बौद्ध मतांवर जागा निघत नाही. मखराम पवार हे बंजारा समाजाचे नेते. त्यांचा बहुजन महासंघ आणि आंबेडकरांचा भारिप (भारतीय रिपब्लिकन पक्ष) एकत्र आले आणि भारिप-बहुजन महासंघ उभा राहिला. माळी, धनगर, बंजारा, कोळी, आदिवासी, ज्यांना मोठे पक्ष तिकीट देताना मोजत नव्हते त्यांची नावं मतपत्रिकेवर येऊ लागली. १९९३ मध्ये किनवटच्या पोटनिवडणुकीत भीमराव केराम जिंकले आणि या मेळाची चर्चा राज्यभर झाली. पुढं २००९ मध्ये अकोला पूर्वमधून हरिदास भदे आणि बाळापूरमधून बळीराम सिरस्कार आमदार झाले. सिरस्कार २०१४ मध्येही. अकोला जिल्हा परिषदेवर तर या पक्षानं अनेक वर्षं सत्ता राखली.

यात जोडीदाराचं काम काय होतं, ते नीट पाहायला हवं. छोट्या समाजातला मतदार पिढ्यान्‌पिढ्या कुंपणावर बसला होता, कारण दोन्ही बाजूंना त्याचं कुणीच नव्हतं. आपल्यातला माणूस शेजारच्या जागेवर उभा दिसला की तो पहिल्यांदा त्या पक्षाला आपला म्हणू लागला. मग त्यानं स्वतःच्या जागेवरच्या दुसऱ्या समाजाच्या उमेदवारालाही मत दिलं. मतांची अशी देवाणघेवाण घडवणं सोपं नाही. एका समाजानं हात आखडता घेतला की सगळंच कोसळतं.

१९९८ ची लोकसभा हा या देवाणघेवाणीचा कळस. काँग्रेसशी समझोता झाला आणि रिपब्लिकन नेते महाराष्ट्रातून एकदम चार जागी जिंकले: अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, शेजारच्या अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, मुंबईतून रामदास आठवले. २०१९ मध्ये आंबेडकरांच्याच वंचित बहुजन आघाडीनं लोकसभेची ३७ नावांची यादी काढली तेव्हा उमेदवारांच्या नावापुढं त्यांची जात छापली. पुष्कळांना ते खटकलं. मला तो प्रामाणिकपणा वाटला. इतर पक्ष हेच हिशेब बंद खोलीत करतात.

उपमुख्यमंत्री पहिला कुठला?

विदर्भाचा! १९७८ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारात नाशिकराव तिरपुडे हे राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री झाले. पश्चिम महाराष्ट्राचे मुख्यमंत्री आणि वेगळ्या विदर्भाचे समर्थक उपमुख्यमंत्री, अशी ती जोडी. फुटलेल्या काँग्रेसच्या दोन गटांचं ते सरकार मार्चमध्ये आलं, जुलैत पडलं.

अठरा जणांची बारात

बाजार समितीची निवडणूक म्हणजे जोडीदारांचा महापूर. अठरा संचालक: अकरा सेवा सहकारी सोसायट्यांचे, चार ग्रामपंचायतींचे, दोन व्यापारी-अडते, एक हमाल-मापारी. सोसायटीच्या मतदाराला एकाच गटात अकरा नावं निवडायची असतात. पहिली पाच-सहा नावं ओळखीची असतात, पुढं शिक्का नुसत्या चिन्हावर पडत जातो. यादीतल्या एखाद्या नावानं तुरीचे पैसे बुडवले असतील, तर मात्र तेवढं नाव टळतं. क्रॉस व्होटिंग म्हणतात ते हेच. निकालाच्या रात्री एकाच पॅनलच्या पहिल्या आणि शेवटच्या उमेदवारातला फरक मोजला की कुणाची बाजारात काय पत आहे ते कळतं.

बरोबरी झाली तर

चिठ्ठी. मुंबई महापालिकेत २०१७ ला प्रभाग २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शाह यांना सारखीच मतं पडली आणि चिठ्ठीत शाह निवडून आले. ग्रामपंचायतीत तर दर खेपेला कुठं ना कुठं बरोबरी होतेच आणि लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढतात. ओसरीवरच्या यादीत प्रश्नचिन्ह असलेलं एक घर तेवढ्यासाठी शेवटच्या रात्रीपर्यंत पॅनलला झोपू देत नाही.