फलकावरची नावे आणि रजिस्टरातली नावे

शाळेचा अमृतमहोत्सव ठरला की पहिली शोधाशोध सुरू होते ती नामवंत माजी विद्यार्थ्यांची. आमदार कोण झाले, कलेक्टर कोण, अमेरिकेत कोण आहे, हे विचारून विचारून व्हरांड्यातल्या फलकावर दहा-पंधरा नावे रंगवली जातात. मोठ्या शहरातल्या शाळेला हे सोपे जाते. बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावातले जिल्हा परिषद हायस्कूल या मापाने मोजले, तर ते कायम उणेच भरणार. माझ्या मते इथे मापच चुकते आहे. सरकारी शाळेने काय केले हे पाहायचे असेल, तर मुख्याध्यापकांच्या कपाटातले जनरल रजिस्टर उघडावे लागते.

मराठवाड्यात सरकारी हायस्कूल म्हणजे काय होते, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. निजामी राजवटीत वरच्या वर्गांचे माध्यम उर्दू होते. घरी मराठी आणि बिलोली-धर्माबादच्या पट्ट्यात पुष्कळ घरी तेलुगू बोलणारे पोर गणित, भूगोल, इतिहास सगळे उर्दूतून शिके. खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे आणि ती सहजी मिळत नसे. 1951 च्या जनगणनेतसुद्धा हैदराबाद राज्यात शंभरातल्या दहा जणांनाही लिहिता-वाचता येत नव्हते. पुढे 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आल्या आणि मराठवाड्यातली अनेक सरकारी हायस्कुले त्यांच्याकडे गेली. पश्चिम महाराष्ट्रात गावोगावची माध्यमिक शाळा बहुधा एखाद्या शिक्षण संस्थेची असते. आपल्याकडे ती जिल्हा परिषदेची सापडते, त्याचे कारण या इतिहासात आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. मराठवाडा घडवला तो हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेने, अंबाजोगाईच्या योगेश्वरीने, औरंगाबादच्या सरस्वती भुवनने. सरकारी शाळा तर निजामाला कारकून पुरवत होत्या, असे म्हणतात. या राष्ट्रीय वृत्तीच्या शाळांचे ऋण मोठेच आहे. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला शिक्षकच होते. पण आक्षेपाचा दुसरा भाग टिकत नाही. गोविंदभाई श्रॉफ कोलकात्याहून गणितातली पदवी घेऊन आले आणि औरंगाबादच्या सरकारी हायस्कुलात शिकवू लागले. तिथूनच ते लढ्यात उतरले. 1938 ची वंदे मातरम् चळवळ सरकारी कॉलेजांच्या वसतिगृहांतच पेटली आणि काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने जवळ केले. सरकारने ज्या बाकांवर बसवले, त्याच बाकांवरून पोरे सरकारविरुद्ध उठली.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे. मुलांपुढे आदर्श नको का? जरूर हवा. पण फलक कोणाला निवडतो ते पाहा. नरहर कुरुंदकर इंटरला नापास झालेले. पदवी हाती नसताना नांदेडच्या प्रतिभा निकेतनमध्ये ते शिक्षक झाले, पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले आणि साऱ्या महाराष्ट्राने त्यांचे ऐकले. गुणवंतांची यादी गुणपत्रिकेवरून करणाऱ्या शाळेच्या फलकावर त्या वयात त्यांचे नाव चढले नसते. शिवाय यश मिळवून गाव सोडून गेलेलाच तेवढा नामवंत, हा हिशेब गावात राहिलेल्या नर्सवर, तलाठ्यावर, वायरमनवर आणि त्याच शाळेत पुन्हा शिकवायला आलेल्या बाईंवर अन्याय करतो.

रजिस्टर असा अन्याय करत नाही. अनुक्रमांक, नाव, जात, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल तारीख, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा: एका आडव्या ओळीत एक आयुष्य. जुनी पाने उर्दूत आहेत. तारखा फसली सनातल्या, महिने आझूर, दै, बहमन असे. सनात महिन्यानुसार 590 किंवा 591 मिळवले की इसवी सन जुळतो. मुधोळ तालुका 1956 पर्यंत नांदेड जिल्ह्यात होता, म्हणून जन्मस्थळाच्या रकान्यात आज तेलंगणात असलेली गावेही भेटू शकतात. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘शाळा सोडल्याचे कारण’ हा रकाना. कोणत्या दुष्काळात किती पोरे गळाली, मुली कोणत्या इयत्तेपर्यंत टिकल्या, कोणत्या वस्तीतून पहिले मूल कधी आले, हे दुसरा कोणताही कागद सांगणार नाही.

2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीपुढे महसुली कागदांबरोबर शाळांचे प्रवेश-निर्गम उतारेही आले. दाखल्यापुरते का होईना, त्या पिवळ्या पानांचे मोल सगळ्यांना कळले. पण काम झाले की रजिस्टर पुन्हा गठ्ठ्यात जाते आणि दर पावसाळ्यात कडा आणखी झिजतात.

तेव्हा माजी विद्यार्थ्यांना विनंती एवढीच आहे: मेळाव्याची वर्गणी कमानीवर आणि फलकावर घालण्याआधी, मुख्याध्यापकांच्या परवानगीने जुन्या रजिस्टरांचे स्कॅनिंग करून घ्या आणि गावात उर्दू वाचणारे वडीलधारे आहेत तोवर त्यांच्याकडून ती पाने वाचून घ्या.