जनुक कापलं म्हणजे मासा तयार झाला, असं नाही

जनुक-संपादित मासा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मत्स्यालयातला चमकणारा लाल-हिरवा मासा येतो. तो जनुक-संपादित नाही. 1999 मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी झेब्राफिशच्या अंड्यात जेलीफिशचं जनुक घातलं, तिथून त्याची सुरुवात झाली. 2003 च्या अखेरीस तो अमेरिकेत विकायला आला. दुसऱ्या प्राण्याचं जनुक घालणं ही एक गोष्ट आणि स्वतःच्या जनुकात बदल करणं ही दुसरी. क्रिस्पर तंत्रात मार्गदर्शक आरएनए कॅस-9 या प्रथिनाला डीएनएवर नेमक्या जागी नेतो आणि ते प्रथिन तिथे काप देतं. पेशी घाईघाईत तो काप सांधते, त्यात डीएनएची दोन-चार अक्षरं गळतात किंवा वाढतात आणि जनुक निकामी होतं. याच तंत्राने नवा मजकूरही घालता येतो, पण ते बरंच अवघड आहे. झेब्राफिशमध्ये क्रिस्परने जनुक-संपादन 2013 मध्ये साधलं.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज म्हणजे इंजेक्शन दिलं की हवा तसा मासा मिळतो. प्रत्यक्षात आदल्या संध्याकाळी झेब्राफिशचे नर-मादी एकाच टाकीत, पण मध्ये पडदा घालून ठेवतात. सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा. अंडी पडली की हाताशी जेमतेम पाऊण तास असतो, कारण त्यानंतर एका पेशीच्या दोन होतात. तेवढ्या वेळात सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक काचेच्या सुईने, एकेका अंड्यात मार्गदर्शक आरएनए आणि कॅस-9 यांचा, लिटरचा अब्जावा भाग एवढा थेंब सोडायचा. पण काप पेशी विभागल्यानंतरही पडत राहतात, आणि प्रत्येक पेशीत वेगळे. म्हणून पहिल्या पिढीचा मासा गोधडीसारखा असतो. रंगद्रव्याचं टायरोसिनेज जनुक कापलेलं दोन दिवसांचं पिल्लू पाहा: अंगावर काही ठिकाणी काळे ठिपके, काही भाग पार कोरा.

खरं काम इथून पुढे असतं. ही पिल्लं वाढून प्रजननक्षम व्हायला तीनेक महिने लागतात. मग त्यांचा साध्या माशांशी संकर करायचा, पुढच्या पिढीच्या शेपटीच्या पराचा कण घेऊन डीएनए तपासायचा आणि एकच बदल असलेले नर-मादी जमवायचे. त्यांच्या पिल्लांपैकी सरासरी चौथ्या हिश्शात जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असतात. सहा महिने तरी यात जातात. इतकं करूनही मासा ठणठणीत निघू शकतो. एखादं जनुक निकामी झालं की काही वेळा त्याची भावंडं असलेली जनुकं उणीव भरून काढतात, हे जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं. म्हणून ‘बदल दिसला नाही, म्हणजे जनुक बिनकामाचं’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

‘माशावरून माणसाचं काय कळणार?’ हा प्रश्न रास्त आहे. 2013 मध्ये झेब्राफिशचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांची जोड त्यात सापडली. 2005 मध्ये फिकट सोनेरी झेब्राफिशमधलं बिघडलेलं जनुक हाती लागलं आणि माणसाच्या त्वचेचा रंग ठरण्यातही त्याचा वाटा असल्याचं कळलं. शिवाय गर्भ पारदर्शक. दुसऱ्या दिवशी धडधडणारं हृदय त्याला न चिरता दिसतं. पूर्ण वाढलेल्या माशाच्या हृदयाच्या जवनिकेचा पाचवा भाग कापला, तरी तो दोनेक महिन्यांत भरून येतो. आपल्या हृदयाला हे जमत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत याच पुनर्निर्मितीचा अभ्यास चालतो; मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही झेब्राफिशवर काम होतं. आणि हा मासा मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातलाच आहे.

हे मासे आपल्या ताटात येतात का? नाही. संशोधनातले हे मासे बोटाच्या दोन पेरांएवढे असतात आणि प्रयोगशाळेतल्या टाक्यांतच राहतात. जपानमध्ये 2021 पासून जनुक-संपादित मासे खाण्यासाठी विकले जातात खरे, पण ते वेगळे समुद्री मासे आहेत आणि त्यांचा हेतूही वेगळा. भारतात 2022 मध्ये जनुक-संपादनाला नियमांतून जी सूट मिळाली, ती वनस्पतींपुरती आहे, माशांना नाही.

असे मासे निसटण्याची भीती मात्र खोटी नाही. ब्राझीलमध्ये चमकणारे झेब्राफिश ओढ्यांत वाढताना सापडले, पण ते शोभिवंत माशांच्या पैदास केंद्रांतून सुटले होते, प्रयोगशाळेतून नव्हे. म्हणून मासे पाळणाऱ्यांना एवढीच विनंती: टाकीतला मासा नकोसा झाला, तरी तो ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीत सोडू नका.