क्युसेक, टीएमसी आणि पावसाळ्यातला एक दिवस

सकाळी ८.०० : धरणाच्या पूर नियंत्रण कक्षात रात्रपाळीकडून चार्ज घेतो. तोवर पर्जन्यमापकांचे आकडे आलेले असतात. पाऊस मिलिमीटरमध्ये, पाणलोट चौरस किलोमीटरमध्ये. गुणाकार थेट हजार घनमीटरमध्ये निघतो. कोयनेचं पाणलोट सुमारे ८९२ चौ. किमी. तिथं सर्वदूर १०० मिमी पडला, तर ८९.२ दशलक्ष घनमीटर, म्हणजे ३.१५ टीएमसी (हजार दशलक्ष घनफूट). मुरणारं पाणी यातून वजा. कुणी ३१५ काढले, तर दशांशचिन्ह शोधायचं. अख्खं कोयना धरणच १०५ टीएमसीचं आहे.

१०.३० : दरवाजे पूर्ण उचलले तर विसर्ग किती? नवीन कनिष्ठ अभियंत्याचं उत्तर फुगलेलं दिसतं. "आकडे राहू दे, आधी एककं मांड." सांडव्याची लांबी गुणिले पाण्याच्या उंचीचा दीड घात, म्हणजे मीटरचा अडीच घात. उत्तर तर घनमीटर प्रतिसेकंद हवं. उरलेलं 'मीटरचं वर्गमूळ भागिले सेकंद' गुणांकाच्या वाट्याला येतं. म्हणजे गुणांक नुसती संख्या नाही. मीटरमध्ये तो २.२ असेल, तर फुटांत ४ च्या आसपास. यानं जुन्या पुस्तकातला ४ घेतला आणि मापं मीटरमध्ये घातली. विसर्ग १.८ पट!

दुपारी १.०० : वार्ताहराचा फोन. "साहेब, धरणात किती क्युसेक पाणी साठलं?" क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, तो साठा नव्हे. ११,५७४ क्युसेक सलग २४ तास आले, तर एक टीएमसी साठतो. हे रोज कुणाला तरी सांगावं लागतं.

४.०० : आवक वजा जावक बरोबर साठ्यातली वाढ, हा ताळा. ताशी नोंदींतले क्युसेक ३,६०० नं गुणल्याशिवाय साठ्याच्या रकान्याजवळ न्यायचे नाहीत. तरी एककं तपासून सगळ्या चुका सापडतात असं नाही. पाणलोटातून ०.६ ऐवजी ०.८ भाग वाहून आला असं धरलं, तर एककं बिनतक्रार जुळतात. पातळीची पट्टी चुकीची वाचली तरीही तेच. तिथं माणूस पाठवून पट्टी पुन्हा वाचून घेतो.

संध्याकाळी ६.०० : तहसील कार्यालयाला विसर्गाचा निरोप. क्युसेक आणि क्युमेक (सेकंदाला एक घनमीटर) यांत एका अक्षराचा फरक, पण पाण्यात ३५ पटींचा. त्यामुळे फोनवर आकडा, एकक आणि वेळ तिन्ही सांगतो. पलीकडच्यानं तिन्ही परत वाचून दाखवल्यावरच नोंदवहीत सही करतो.