कोंबडीची सलामी गुलाबी का?

समजा, तुम्ही सोलापूरच्या नवी पेठेत खरेदीला गेला आहात. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आहे. परतताना एका दुकानातील शीतपेटीत ‘चिकन सलामी’चे पाकीट दिसते. आतल्या चकत्या गुलाबी आहेत. आता आठवून पाहा. घरी कोंबडी नुसत्या मिठाच्या पाण्यात शिजवली, तर तिचे मांस पांढुरके दिसते. मग शिजवलेलीच ही कोंबडी गुलाबी कशी? परदेशात टर्की या मोठ्या पक्ष्याच्या मांसाचे ‘टर्की हॅम’ मिळते. तेही गुलाबीच असते.

उत्तराची सुरुवात तुमच्या पिशवीतील भाकरीपासून करू. मऊ भाकरीला दोन-तीन दिवसांत बुरशी येते, कडक भाकरी मात्र कित्येक दिवस टिकते. फरक पाण्याचा आहे. जिवाणू आणि बुरशी यांना वाढण्यासाठी पाणी लागते. ते काढून घेतले, की त्यांची वाढ खुंटते. मांसाचेही तसेच आहे. शेजारच्या मराठवाड्यातील दलित कुटुंबांत मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून ‘चान्या’ करीत. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात या खाद्यसंस्कृतीची नोंद केली आहे.

गोव्याच्या दमट हवेत एवढ्याने भागत नाही. तेथे डुकराच्या मांसाला मीठ, मिरची आणि शिरका लावून ते आतड्याच्या नळीत भरतात व वाळवतात किंवा धुरी देतात. हेच गोव्याचे चोरीस. मीठ परासरणाने पाणी ओढून घेते, शिरक्यातील आम्ल जिवाणूंना मानवत नाही आणि धुरातील काही द्रव्येही त्यांना रोखतात. असे खारवलेले, आंबवलेले, धुरावलेले किंवा अन्य रीतीने टिकवलेले मांस म्हणजे प्रक्रिया केलेले मांस.

पण नळीत मांस ठासून भरले, की आत प्राणवायू उरत नाही, आणि प्राणवायूशिवायच वाढणारा एक भयंकर जिवाणू आहे. जर्मन डॉक्टर युस्टिनुस केर्नर यांनी १८२०च्या सुमारास सॉसेजमुळे होणाऱ्या विषबाधेचा बारकाईने अभ्यास केला. १८९५ साली बेल्जियममधील एका गावात हॅम खाल्ल्याने अनेक जण आजारी पडले व तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंजेम यांनी त्या हॅममधून हा जिवाणू वेगळा केला. लॅटिन भाषेत सॉसेजला ‘बोटुलस’ म्हणतात. त्यावरून या विषबाधेला बोटुलिझम हे नाव पडले.

या जिवाणूला आवर घालते सोडियम नायट्राइट. पूर्वी युरोपात मिठाबरोबर सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, वापरीत. मांसातील काही जिवाणू त्याचे नायट्राइट करीत. आता नायट्राइटच मोजून घालतात.

गुलाबी रंगाचे गुपितही येथेच आहे. स्नायूंमध्ये मायोग्लोबिन हे लोहयुक्त प्रथिन असते. साधे मांस शिजवले, की त्याचा रंग तपकिरी होतो. छातीच्या मांसात ते फार थोडे असल्याने ते पांढुरके दिसते. नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो व तो मायोग्लोबिनमधील लोहाला चिकटतो. मग शिजवल्यावरही गुलाबी रंग टिकतो. तेव्हा गुलाबी रंग पाहून मांस ताजे आहे असे समजू नका.

या उपकाराची किंमतही आहे. नायट्राइट आणि प्रथिनांतील घटक यांच्यापासून नायट्रोसमाइन नावाची संयुगे बनू शकतात. त्यांतील अनेक कर्करोगकारक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश पहिल्या गटात केला. त्याच गटात तंबाखूही आहे. म्हणून दोन्ही सारखेच घातक का? नाही. गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचे प्रमाण नव्हे. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा संस्थेचा अंदाज आहे. समजा, एका समूहात हजारांपैकी ५० जणांना हा रोग होणार आहे. सर्वांनी रोज इतके मांस खाल्ले, तर ती संख्या ५९ होईल. एखाद्या वेळी खाल्लेली चकती आणि रोजचा डबा यांत म्हणूनच फरक आहे. ‘आमचे तर चिकन आहे’ ही पळवाटही पुरेशी नाही, कारण संस्थेच्या व्याख्येत पक्ष्यांचे प्रक्रिया केलेले मांसही येते.

तर मग पाकीट घेण्याआधी त्यावरील बारीक अक्षरे वाचा. ‘२५०’ हा क्रमांक म्हणजे सोडियम नायट्राइट. ‘३१६’ म्हणजे सोडियम एरिथॉर्बेट. हे क जीवनसत्त्वाचे भावंड नायट्रोसमाइन बनण्यास अडथळा करते. मग सोडियमचा आकडा घ्या आणि त्याला अडीचने गुणा, की मिठाचे प्रमाण मिळेल. १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर मीठ २ ग्रॅम झाले. प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

वर्गात रिकामी पाकिटे जमवा आणि तक्ता करा. त्यात बिस्किटे, फरसाण, लोणची यांचीही पाकिटे घ्या. मीठ कोणात जास्त निघते, ते पाहा. उत्तर कदाचित तुमच्या अंदाजापेक्षा वेगळे असेल!