विमानतळाचा विस्तार आणि आपले अरण्यजिल्हे

पावसाळ्यांत पर्लकोटा नदी पात्राबाहेर पडली आणि भामरागडचा बाह्य जगाशीं असलेला संबंध तुटला, असें आजवर अनेकदां घडलें आहे. अशा वेळीं एखादा रोगी अत्यवस्थ झाला, तर मोकळी राहते ती एकच वाट, आकाशाची. निवडणुकीच्या वेळीं गडचिरोलीच्या दुर्गम केंद्रांवर अधिकारी व मतदानयंत्रें हेलिकॉप्टरनें पोहोंचविण्यांत आलीं. चकमकींत जखमी झालेल्या जवानांना त्याच वाटेनें नागपूरच्या रुग्णालयांत नेण्यांत आलें. तेव्हां विमान ही केवळ श्रीमंतांची चैन आहे, असें निदान आपल्या जिल्ह्यांत तरी म्हणतां येत नाहीं. तथापि 'आम्हांला मोठा विमानतळ हवा' असें म्हणणें सोपें; तो कोठें व केवढा असावा, हें ठरविणें फार कठीण. तें कठीण कां, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

चंद्रपूरला विमानतळ मुळींच नाहीं, असें नाहीं. शहरापासून थोड्या अंतरावर मोरवा येथें १९६७ सालीं बांधलेली धांवपट्टी आहे. परंतु ती जेमतेम एक किलोमीटर लांबीची असल्यामुळें तेथें लहान विमानेंच उतरूं शकतात. ताडोबाचे वाघ पाहण्यास येणारा प्रवासी असो, वीजकेंद्राच्या कामासाठीं येणारा अधिकारी असो, अथवा सुरजागडच्या लोहखनिजाच्या कामावर येणारा तंत्रज्ञ असो, प्रत्येकास नागपूरला उतरून पुढें शंभर-दीडशें किलोमीटर किंवा त्याहूनहि अधिक वाट मोटारीनें कापावी लागते. साहजिकच 'मोरव्याची पट्टी लांबवा' अशी मागणी होऊं लागली.

पण किती लांबवावी? या प्रश्नाचें उत्तर विमान जितकें देतें, तितकेंच आपला उन्हाळाहि देतो. विमान उचललें जातें तें पंखांवरून वेगानें वाहणाऱ्या हवेच्या जोरावर. हवा तापली म्हणजे विरळ होते. १५ अंश उष्णतेच्या हवेपेक्षां ४५ अंशांची हवा जवळ जवळ एकदशांशानें विरळ असते. विरळ हवेंत तेवढाच जोर मिळविण्यास विमानास अधिक वेग घ्यावा लागतो आणि अधिक वेग घेण्यास अधिक लांब धांवावें लागतें. म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनें एक ठोकताळा सांगितला आहे. समुद्रसपाटीवर १५ अंश उष्णता धरून जी लांबी निघते, तींत दर ३०० मीटर उंचीमागें शेंकडा ७ आणि त्या उंचीवरील प्रमाण उष्णतेपेक्षां अधिक असलेल्या प्रत्येक अंशामागें शेंकडा १ इतकी भर घालावी.

आतां आपण चंद्रपूरचा हिशेब करून पाहूं. सुमारें सत्तर आसनांच्या, पंख्यांवर चालणाऱ्या विमानास समुद्रसपाटीवर १,३०० मीटर पट्टी लागते, असें समजा. चंद्रपूरची उंची सुमारें १९० मीटर. तिच्यामुळें ही लांबी १,३६० मीटरांच्या आसपास जाते. वैशाखांतील दुपारची सरासरी उष्णता ४३ अंश धरली, तर ती प्रमाणापेक्षां २९ अंशांनीं अधिक होते आणि लांबी साडेसतराशें मीटरांवर जाऊन पोहोंचते! मुंबईस पुरेल ती पट्टी चंद्रपुरास पुरत नाहीं, याचें कारण हें असें आहे. अमरावतीजवळच्या बेलोरा येथें याच जातीचीं विमानें उतरावींत म्हणून जुनी १,३७२ मीटरांची पट्टी १,८५० मीटरांपर्यंत वाढवावी लागली. त्यानंतरच १६ एप्रिल २०२५ रोजीं तेथून मुंबईची सेवा सुरू झाली. मोठ्या जेट विमानांना यापेक्षांहि अधिक लांबी लागते. नागपूरची पट्टी ३,२०० मीटर आहे.

पुष्कळांस वाटतें कीं, शेजारची जमीन घेऊन डांबर घातलें म्हणजे काम झालें. परंतु विमानतळास जशी जमीन लागते, तशी आकाशांतहि जागा लागते. उतरणारें विमान उतरत्या कौलाप्रमाणें हळूंहळूं खालीं येतें, म्हणून पट्टीच्या टोंकापासून पुढें एक काल्पनिक उतार मोकळा राखावा लागतो. मोठ्या विमानतळांसाठीं हा उतार प्रथम पन्नास मीटर अंतरामागें एक मीटर इतकाच चढूं दिला जातो. दहा मजली घर धोक्याचें कां ठरतें, हें यावरून ध्यानांत येईल. आणि मोरव्याच्या आसमंतांत तर महाऔष्णिक वीजकेंद्राचीं उत्तुंग धुरांडीं व कोळशाच्या खाणी आहेत! ज्या उद्योगांमुळें विमानाची गरज वाढली, तेच उद्योग विमानाच्या वाटेंत उभे राहिले. धुराडें हलवितां येत नाहीं आणि खाण बुजवितां येत नाहीं. म्हणून मोरव्याच्या विस्ताराचा विचार मागें पडून दुसऱ्या जागेचा शोध सुरू झाला.

ही दुसरी जागा राजुरा तालुक्यांत विहीरगांव-मूर्ती येथें पाहण्यांत आली. तेथें धुरांडें आड येत नव्हतें. आडवें आलें तें अरण्य. ताडोबांत वाढलेला तरुण वाघ स्वतःचें राज्य शोधावयास निघाला म्हणजे कन्हाळगांवच्या रानाकडे व पुढें तेलंगणाकडे जातो. या भ्रमणमार्गांत तटबंदी व दिव्यांचा झगमगाट उभा राहिला तर वाघ नाहींसा होणार नाहीं; तो वळेल आणि एखाद्या गांवाच्या शिवारांत शिरेल. मग मोहफुलें वेंचावयास गेलेल्या बाईवर जो प्रसंग ओढवेल, त्याची झळ विमानांतील प्रवाशास लागणार नाहीं. वनजमीन व भ्रमणमार्ग यांविषयींच्या अशा आक्षेपांमुळें ही योजना रखडली, तर तींत केवळ कचेऱ्यांची दिरंगाई पाहणें योग्य नव्हे.

जागा आधीं राखली नाहीं म्हणजे पुढें काय भोगावें लागतें, हें मुंबईनें दाखविलें आहे. तेथील जुन्या विमानतळाच्या दोन्ही धांवपट्ट्या एकमेकींस छेदतात, म्हणून एका वेळीं दोहोंवरून विमानें सोडतां येत नाहींत. आणि घरें तर कुंपणास येऊन भिडलेलीं. वर्षास पांच कोटींहून अधिक प्रवासी होऊं लागले, तरी तिसरी पट्टी टाकण्यास जागा नव्हती. शेवटीं खाडीपलीकडे नवी मुंबईस नवा विमानतळ करावा लागला. त्यासाठीं टेकडी कापली, उलवा नदीचा प्रवाह वळविला आणि कित्येक गांवें हलविलीं. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्याचें उद्घाटन होऊन २५ डिसेंबरपासून विमानें उडूं लागलीं.

याच्या उलट उदाहरण आपल्या शेजारीं गोंदियास सांपडतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्रज सरकारनें बांधलेला बिरसीचा विमानतळ पुढें वाढविण्यांत आला. पट्टी चांगली लांब. तरीहि मार्च २०२२ मध्यें सुरू झालेली प्रवासी सेवा कांहीं महिन्यांतच बंद पडली आणि डिसेंबर २०२३ मध्यें दुसऱ्या कंपनीनें ती पुन्हां सुरू केली. पट्टी बांधली म्हणजे विमान येतेंच असें नाहीं. आसनें भरण्याइतके प्रवासी नित्य मिळावे लागतात.

गडचिरोली शहराजवळहि विमानतळ करण्याची योजना पुढें आली आहे. ज्या जिल्ह्यांत दीर्घकाळ वडसा हेंच एक रेल्वेस्थानक होतें, तेथील लोकांस तिचें आकर्षण वाटावें, हें स्वाभाविक आहे. पण ज्याची धानाची बांधी पट्टीखालीं जाणार, त्यास विचारल्यावांचून पुढें जाणें न्यायाचें होणार नाहीं. याच जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या लहानशा गांवास २००९ सालीं आपल्या रानावर सामूहिक हक्क मिळाला. तेथील ग्रामसभा एकमत होईपर्यंत बसून विचार करते, अशी तिची ख्याति आहे. सपाटीकरणाचीं यंत्रें येण्याआधीं गांव असें बसलें पाहिजे.

मग आपण काय मागावें? आमच्या मतें गरजेची वर्गवारी आधीं करावी. रोग्याची गरज तातडीची आहे. तीस दोन किलोमीटरांची पट्टी नको, तालुक्याच्या रुग्णालयापाशीं हेलिकॉप्टर उतरण्याजोगा पक्का ओटा हवा. वादळांत व दाट ढगांत हेलिकॉप्टरहि निरुपायी होतें, म्हणून पूल व डॉक्टर यांची गरज त्यामुळें संपत नाहीं. व्यापाराची व प्रवाशांची गरज खरी आहे, पण ती थोडा धीर धरूं शकते. तिच्यासाठीं दोन्ही जिल्ह्यांस मिळून सोयीची अशी एकच जागा, उष्णता, आकाश, अरण्य आणि माणसें या चारहि मापांनीं मोजून निवडावी. आणि एकदां निवडल्यावर तिच्या भोंवतींचें आकाश मोकळें राखावें, म्हणजे मोरव्याची कथा पुन्हां घडणार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, वरील हिशेबांत शेंकडेवारीपलीकडचें गणित नाहीं; तें तुम्हीं स्वतः करून पाहावें. आज वर्गांत बसलेल्यांपैकीं कोणी उद्यां अभियंता होईल, कोणी वनाधिकारी होईल, कोणी ग्रामसभेंत हात वर करील. त्या दिवशीं नकाशावर रेघ ओढतांना त्या रेघेखालीं कोणाची बांधी आहे आणि तिच्यावरून कोणाचा रोगी उडणार आहे, हीं दोन्हीं त्यास एकदम दिसावींत, एवढीच अपेक्षा आहे.