डब्यातलं ऑर्किड

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका काकींची आठपैकी सहा ऑर्किडं कुजली. रोपं गटाच्या अंतर्गत कर्जातून घेतलेली. हप्ता चालू, आणि पडवीत रिकाम्या कुंड्या. मासिक सभेत आम्ही सगळ्यांनी मिळून काकींनाच बोल लावला, की पाणी जास्त घातलंत. त्या बिचाऱ्या गप्प बसल्या. पुढे आम्ही त्यांच्या कुंड्या उपड्या करून पाहिल्या, तेव्हा उमजलं की त्यांनी पाणी आम्ही सांगितलं तेवढंच घातलं होतं. चूक आमच्या सांगण्यात होती. त्यानंतर आम्ही जी पद्धत धरली, तिला सेमी-हायड्रोपोनिक म्हणतात. अमेरिकेतले रे बार्कालो यांनी ती ऑर्किडवाल्यांमध्ये रुळवली. नाव मोठं आहे, पण सामान डबाभरच लागतं.

आधी मुळांचं बघू. ऑर्किडला आपल्याकडे आमरी म्हणतात. आंबोलीच्या वाटेवर किंवा आपल्याच वाडीतल्या जुन्या आंब्या-फणसावर मेच्या अखेरीस सीतेची वेणी लोंबते, तीही आमरीच. पुष्कळजण तिला बांडगूळ समजून काढून टाकतात. बांडगूळ झाडाच्या आत मुळं खुपसून त्याचा रस ओढतं. आमरी फक्त फांदीला धरून बसते, खात काही नाही. तिची मुळं उघड्यावर असतात आणि त्यांच्यावर स्पंजासारखा पांढरट थर असतो. पाऊस आला की तो थर पाणी शोषतो आणि मूळ हिरवं दिसतं. वारा लागला की पुन्हा पांढरं. भिजणं आणि वारा, दोन्ही हवं, अशी ही जात.

कुंडीत काय होतं? विकत आणलेल्या रोपाखाली बहुधा नारळाच्या सोडणाचे तुकडे असतात. सुरुवातीला ते मोकळे असतात, पण वर्ष-दोन वर्षांत ते कुजून त्यांचा भुगा होतो आणि फटी बुजतात. त्यात आपला जून ते सप्टेंबर. हवाच ओली, तर कुंडी सुकणार कधी? मुळाला प्राणवायू मिळत नाही, ते गुदमरतं आणि मग बुरशी त्याचा ताबा घेते. काकींच्या कुंड्यांत नेमकं हेच झालं होतं. बोटाने दाबलं की मुळाची साल हातात येई आणि आत नुसता दोरा उरे.

आता तुम्ही विचाराल, पाण्याने कुजलं म्हणता आणि तळाला कायम पाणी ठेवायलाही सांगता, हे कसं? आम्हीही हेच विचारलं होतं. तर मूळ मरतं ते हवा कोंडल्यामुळे. या पद्धतीत डब्यात भाजलेल्या चिकणमातीचे हलके गोळे भरतात. बाजारात त्यांना लेका म्हणतात, बागेच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात. ते भट्टीत सुमारे १२०० अंशांवर भाजून फुगवलेले असतात, त्यामुळे आत बारीक छिद्रं राहतात आणि ते कुजत नाहीत. तळाला इंचभर पाणी ठेवलं की समईच्या वातीने तेल चढावं तसं ते गोळ्यागोळ्यातून वर चढतं. गोळ्याचं अंग ओलं राहतं आणि दोन गोळ्यांमधल्या फटीत हवा खेळते. मुळाला दोन्ही एकाच जागी मिळतं.

डबा एक-दीड लिटरचा, सहा इंच उंचीचा पुरे. आइस्क्रीमचा, लोणच्याचा, कसलाही प्लास्टिकचा चालेल. तळाला भोक पाडायचं नाही. तळापासून एक इंचावर, एकाच बाजूला, जवळजवळ दोन भोकं तापलेल्या खिळ्याने पाडा. पेन्सिल जाईल एवढीच. त्यावरचं पाणी आपोआप वाहून जातं, म्हणून कोणी कितीही ओतलं तरी जास्त होत नाही. पारदर्शक डबा असेल तर पाणी आणि मुळं दिसतात, पण उजेडाने शेवाळ धरतं. आम्ही त्याला बाहेरून जुनं कापड गुंडाळतो. गोळे आधी चार-पाच पाण्यांतून धुऊन रात्रभर भिजत ठेवा, नाहीतर त्यांची लाल धूळ तळाला बसते. गोळे महाग वाटले म्हणून आम्ही विटांचे तुकडेही करून पाहिले. पाणी चढतं, पण विटेचा चुरा सुटून महिन्याभरात चिखल झाला. त्या भानगडीत पडू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रोप हलवायची वेळ. इथे आम्ही दुसऱ्यांदा फसलो. उत्साहाच्या भरात दिवाळीनंतर सहा डेंड्रोबियम डब्यांत लावली. महिन्याभरात खोडांवर सुरकुत्या पडल्या. कारण असं, की मूळ ज्या जागी वाढतं त्या जागेच्या सवयीचं बनतं. सोडणात वाढलेली जुनी मुळं ओल्या गोळ्यांत बरीचशी मरतात, ते टळत नाही. त्यांची जागा नवीन मुळांनी घ्यायला हवी, आणि थंडीत डेंड्रोबियम नवीन मुळं काढतच नाही. म्हणून थांबा. उन्हाळा सरता सरता बुडातून नवा कोंब येतो, तो बोट-दोन बोटं वाढला की त्याच्या तळाशी हिरव्या टोकाची मुळं डोकावतात. ती नखाएवढी दिसली की त्याच आठवड्यात हलवा. ती मुळं पहिल्यापासून ओल्या गोळ्यांत वाढतात, म्हणून तिथे टिकतात.

हलवताना सोडणाचा भुगा पाण्याखाली धुऊन काढा. मऊ, काळपट मुळं जाळावर तापवून थंड केलेल्या ब्लेडने कापा, घट्ट मुळं ठेवा. रोपाचं बूड गोळ्यांच्या वरच राहू द्या. ते पुरलं तर नवा कोंबच कुजेल. मुळं तळच्या पाण्यात कोंबू नका, त्यांची ती जातील. रोप डुगडुगत असेल तर काठी लावून बांधा, हलत्या रोपाची कोवळी मुळं गोळ्यांवर घासून दुखावतात. पहिले दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा.

पाणी घालायचं म्हणजे वरून भरपूर ओतायचं, भोकांतून बाहेर पडेपर्यंत. त्याने जुने क्षार धुऊन जातात आणि ताजं पाणी तळाला राहतं. आम्ही आठवड्यातून दोनदा ओततो. उन्हाळ्यात तळ कोरडा पडू देऊ नका. बोअरच्या जड पाण्याने गोळ्यांवर पांढरा थर धरतो, त्यापेक्षा पागोळ्यांचं साठवलेलं पाणी कधीही चांगलं. साठवलेलं पिंप मात्र घट्ट झाका. डासांबद्दल आशाताईंनी आम्हाला आधीच टोकलं होतं, आणि बरोबर टोकलं. डब्याची भोकं बारीक ठेवायची आणि तळचं पाणी चार दिवसांच्या आत बदलायचं, म्हणजे अळी डास होण्याआधी वाहून जाते.

गोळ्यांत अन्न अजिबात नसतं, त्यामुळे खत लागतंच. पण शेणपाणी, ताक, जीवामृत यातलं काहीही डब्यात घालू नका. परसातल्या मातीला ते सोनं आहे, इथे तळाला सडेल आणि घाण वास येईल. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ घ्या. १० लिटरच्या बादलीला चहाचा अर्धा चमचा, तोही सपाट. आठवड्यातून एकदा तेवढं पुरे. पागोळ्यांच्या पाण्यात चुना नसतो, म्हणून एखाद्या आठवड्याला त्याऐवजी तेवढंच कॅल्शियम नायट्रेट द्या. दोन्ही एकत्र कालवू नका, साका बसतो. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने धुवा. मुळांची टोकं काळी पडू लागली तर खत जास्त होतंय असं समजा.

कोणती जात घ्यावी, यावर आमच्यात वाद आहे. दुकानात फॅलेनॉप्सिस बघून जीव जातो. फूल दोन-तीन महिने टिकतं आणि या पद्धतीत रोप वाढतंही छान. पण नवा दांडा काढायला त्याला गारव्याच्या रात्री लागतात, आणि आपल्या किनाऱ्याकडे त्या मोजक्याच. हौसेसाठी एक जरूर घ्या. विकायचा विचार असेल तर डेंड्रोबियमचे संकरित प्रकार बरे, त्यांना आपली उष्ण, दमट हवा मानवते. त्यांना ५० टक्क्यांच्या शेडनेटखाली किंवा खळ्याच्या कडेला सकाळचं ऊन द्या. पानं गर्द हिरवी दिसली की उजेड कमी पडतोय, फूल येणार नाही. किंचित पोपटी पान चांगलं. पावसात डबे पडवीच्या आत घ्या, कारण सतत झोडपून कोंबात पाणी साचतं.

सीतेची वेणी मात्र डब्यात लावू नका. तिची जाड मुळं फांदीवरच सुखी असतात. झाडावरून ओरबाडून आणलेली तर मुळीच नको, ती बहुतेक मरते आणि रानातली एक कमी होते. वादळात फांदीसकट पडलेली सापडली तर काथ्याने दुसऱ्या आंब्याला बांधा.

काकींच्या उरलेल्या दोन रोपांना या मे अखेरीस नवी मुळं आली, तेव्हा आम्ही सगळ्या त्यांच्या खळ्यात जमलो. डबे त्यांनीच भरले. सभेत आम्ही त्यांची माफीही मागितली, आणि कुजलेल्या सहा रोपांच्या कर्जावरचं व्याज गटाने सोडलं. एका डब्यात आता दांडा निघालाय, अजून कळ्या मिटलेल्या आहेत. तो विकायला काकी तयार नाहीत, तेव्हा हिशोबाचं नंतर बघू.

भोकाची उंची नेमकी किती, हे रेडिओवरून सांगून पुरतं समजत नाही. ज्यांना बघायचंय त्यांनी महिन्याच्या पहिल्या शनिवारी सभेला या. येताना आपापला डबा आणा, खिळा आणि चिमटा आमच्याकडे आहे.