नौकावीर दत्तू भोकनळ

नांदेडच्या घाटावर उभे राहिले, म्हणजे गोदावरीच्या पात्रातून जाणारी एखादी नाव कधी कधी दृष्टीस पडते. नावाडी वल्हे पाण्यात बुडवतो, पाणी मागे सारतो आणि नाव पुढे सरकते. या साध्या क्रियेत निसर्गाचा एक नियम दडलेला आहे. आपण पाण्याला जितक्या जोराने मागे लोटावे, तितक्याच जोराने पाणी वल्ह्याला पुढे लोटते. पैलतीर गाठण्यासाठी माणसाने शोधून काढलेल्या या युक्तीचाच पुढे खेळ झाला. वल्हवण्याच्या शर्यती आज जगभर होतात आणि ऑलिंपिक सामन्यांतही त्यांना मानाचे स्थान आहे.

हा खेळ पाण्यावरचा. तेव्हा जेथे नद्या बारमाही वाहतात, जेथे सरोवरे तुडुंब भरलेली असतात, तेथील मुलेच त्यात नैपुण्य मिळवणार, असे कोणासही वाटेल. परंतु महाराष्ट्राच्या एका अवर्षणग्रस्त गावातील मुलाने हा समज खोटा ठरवला. त्याचे नाव दत्तू बबन भोकनळ.

दत्तूचा जन्म १९९१ साली झाला. नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे त्याचे गाव. पावसाने ओढ दिली, की विहिरींचा तळ दिसू लागतो, हे तेथील नेहमीचेच दुःख. दत्तूचे वडील विहिरी खोदण्याचे आणि दगड फोडण्याचे काम करीत. मुलगाही लहानपणापासूनच त्यांच्या हाताखाली राबू लागला. २०११ साली वडिलांचे निधन झाले आणि थोरल्या मुलावर कुटुंबाचा भार येऊन पडला. मिळेल ते काम तो करी. अखेर २०१२ साली तो भारतीय सैन्यात भरती झाला. पुण्याजवळील खडकी येथे असलेल्या बाँबे इंजिनिअर ग्रुप या दलात त्याला प्रवेश मिळाला.

सैन्यात त्याच्या शिक्षकांनी त्याची उंची, त्याचे लांब हात आणि कष्टाने पिळदार झालेले शरीर हेरले. त्याला वल्हवण्याच्या खेळासाठी निवडण्यात आले. मात्र ज्याचे बालपण पाण्याच्या शोधात गेले, त्याला भरल्या पाण्याची आरंभी भीतीच वाटे. ही भीती त्याने रोजच्या सरावाने घालवली.

आता हा खेळ कसा असतो, ते पाहू. एकट्याने वल्हवण्याची शर्यती नौका सुमारे आठ मीटर लांब असते. परंतु तिची रुंदी हातभराहूनही कमी असते आणि वजन अवघे चौदा किलो, म्हणजे जवळजवळ एका भरलेल्या कळशीइतके! अशी निमुळती नौका पाण्यावर स्वतःच्या बळावर स्थिर राहत नाही. दोन्ही बाजूंना पसरलेली वल्हीच तिचा तोल सांभाळतात. वल्हे हातातून सुटले, की नौका कलंडलीच म्हणून समजावे.

ही नौका केवळ हातांनी वल्हवतात असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नव्हे. खेळाडूची बैठक लहान चाकांवर मागेपुढे सरकते. त्याची पावले पुढच्या फळीला घट्ट बांधलेली असतात. तो गुडघे दुमडून पुढे सरकतो, वल्ह्यांची पाती पाण्यात घालतो आणि पायांनी फळी रेटतो. नौकेला मोठा वेग मिळतो तो या रेट्याने. मग पाठ आणि शेवटी हात यांचे बळ त्यात मिसळते. पाती पाण्याबाहेर काढताच तो पुन्हा हळुवारपणे पुढे सरकतो. कारण या वेळी धसमुसळेपणा केला, तर मिळवलेला वेगच कमी होतो. शर्यतीचे अंतर दोन हजार मीटर असते. ते तोडण्यास एकट्या वल्हेकऱ्याला सुमारे सात मिनिटे लागतात आणि तेवढ्या अवधीत त्याला दोनशेहून अधिक वेळा वल्ही मारावी लागतात.

या खेळाचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वल्हेकरी अंतिम रेषेकडे पाठ करून बसतो. गाठायचे ठिकाण त्याला दिसत नाही. दिसते ते केवळ मागे पडलेले अंतर. म्हणून प्रत्येक वल्हे नीट मारणे हाच त्याचा मार्गदर्शक.

हे कौशल्य दत्तूने थोड्याच काळात आत्मसात केले. २०१५ साली बीजिंग येथे झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याने एकेरी शर्यतीत रौप्यपदक मिळवले. एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथे ऑलिंपिकसाठी पात्रता स्पर्धा झाली. तीतही त्याचा दुसरा क्रमांक आला आणि रिओ ऑलिंपिकचे दार त्याला उघडले.

तो महिना मराठवाड्यातील लोक कधी विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडे पडले होते. तहानलेल्या लातूर शहरासाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी आली, तेव्हा तिच्या दहा डब्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. महाराष्ट्रात घागरभर पाण्यासाठी रांगा लागल्या असताना, त्याच महाराष्ट्राचा एक पुत्र परदेशातील सरोवरावर वल्ही मारीत होता. घरी त्याची आई गंभीर आजारी होती. मुलाच्या यशाचा आनंद घेण्याच्याही स्थितीत ती नव्हती. काळजावर हा भार घेऊनच तो रिओला गेला.

ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ येथे उतरलेला तो भारताचा एकमेव वल्हेकरी होता. प्राथमिक शर्यतीत तिसरा येऊन त्याने उपांत्यपूर्व फेरी गाठली. तेथे मात्र त्याचा चौथा क्रमांक आला आणि पदकाची आशा मावळली. या स्पर्धेत पहिले सहा क्रमांक एका अंतिम शर्यतीत ठरतात, सात ते बारा दुसऱ्या आणि तेरा ते अठरा तिसऱ्या. दत्तूच्या वाट्याला ही तिसरी शर्यत आली. पदक मिळणार नाही, हे ठाऊक असूनही त्याने आपला जोर कमी केला नाही. सहा मिनिटे ५४.९६ सेकंदांत अंतर तोडून तो त्या शर्यतीत पहिला आला. जगातील निवडक वल्हेकऱ्यांत त्याला तेरावे स्थान मिळाले.

दोन वर्षांनी, २०१८ साली, इंडोनेशियातील पालेमबांग येथे आशियाई क्रीडास्पर्धेच्या नौकाशर्यती झाल्या. २३ ऑगस्ट रोजी एकेरीची अंतिम शर्यत होती. दत्तू तापाने बेजार झाला होता. ज्याच्याकडून पदकाची अपेक्षा होती, तो सहावा, म्हणजे शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नौकेची शर्यत होती. सवर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग हे त्याचे साथीदार.

चौघांच्या नौकेत आठ वल्ही असतात. एकाचे वल्हे क्षणभर जरी आधी वा नंतर पडले, तरी तोल बिघडतो आणि इतर तिघांचे श्रम वाया जातात. म्हणून येथे एकट्याच्या बळापेक्षा मेळाला अधिक मोल असते. आदल्या दिवशीचा पराभव आणि शरीराचा थकवा बाजूस सारून दत्तू आपल्या जागी बसला. आठही वल्ही एका तालात पडू लागली. सहा मिनिटे १७.१३ सेकंदांत भारताची नौका सर्वांच्या पुढे निघून गेली. यजमान इंडोनेशियाची नौका तीन सेकंदांहून अधिक मागे राहिली. २०१० साली ग्वांगझू येथे बजरंगलाल ताखर यांनी या खेळात भारताला आशियाई क्रीडास्पर्धेतील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले होते. त्यानंतरचे हे दुसरे. पुढे २०२० सालच्या अर्जुन पुरस्काराने दत्तूचा गौरव करण्यात आला.

मुलांनो, गावाला नदी नसणे, घरात पैसा नसणे, ऐन परीक्षेच्या वेळी दुखणे येणे, यांपैकी कोणतीही गोष्ट दत्तूच्या हातात नव्हती. हातात होती ती फक्त वल्ही. ती त्याने सोडली नाहीत. विहिरीचा खडक फोडताना घावामागून घाव घालण्याची जी चिकाटी त्याच्या अंगी बाणली होती, तीच पुढे पाण्यावर त्याच्या कामी आली.